गाडीची काच उघडी आहे

वारज्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या नावावर पार्किंगची एक जागा आहे आणि त्या जागेत धड मावत नाही अशी एक गाडी तिथे उभी असायची. जागा मिळाली तेव्हा माझ्याकडे जुनी छोटी गाडी होती, तिच्या दोन्ही बाजूंनी माणूस आरामात फिरायचा. ही नवी आल्यापासून शेजारच्या स्कूटरवाल्यांना पोट आत घेऊन जावं लागे. गाडी माझी नव्हे, मुलाची. त्याने ती घेतली तेव्हा तो खराडीत नोकरीला होता आणि घेऊन वर्ष व्हायच्या आत कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, आई," तो म्हणाला, "गाडी विकत नाही. परत आलो की लागेलच." हे वाक्य मी जपून ठेवलं. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मी एकटी. गाडी इथे आहे म्हणजे तो परत येणार, असं मी धरून चालले.

जायच्या आधीच्या रविवारी त्याने मला खाली नेऊन गाडी शिकवली. शिकवली म्हणजे चालवायला नव्हे. चालवायला मला येते. पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते तेव्हा रोज गाडीने जायचे आणि कधी कोणाला घासले नाही. त्याने मला गाडीची ओळख करून दिली. सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, हवेवर तोललेलं सस्पेन्शन. दार उघडलं की गाडी जरा खाली बसते, म्हणजे चढताना गुडघ्याला त्रास नको. सीटमध्ये पाठ रगडून द्यायची सोय. समोरच्या काचेवर वेगाचे आकडे उमटतात, मान खाली घालायला नको. थांबलेली गाडी शंभरच्या वेगाला किती सेकंदांत जाते हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "वारज्याच्या पुलावर शंभरचा वेग कुठल्या साली मिळेल, तेही विचारून ठेव." तो हसला नाही. गाडीविषयी बोलताना तो हसत नसे.

शेवटी त्याने आपला फोन दाखवला. गाडी त्या फोनमध्ये होती. कुठे उभी आहे, दारं लागलीत का, पेट्रोल किती, टायरमध्ये हवा किती, सगळं. "म्हणजे तिकडे बसून मला सगळं कळेल. तू टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. मग माझ्या गोळ्या, जास्तीची किल्ली कोणाकडे ठेवायची, रात्रीबेरात्री काही झालं तर कोणाला हाक मारायची, हे सगळं लिफ्ट खालून वर येईपर्यंत उरकलं.

आठवड्यातून दोनदा गाडी फिरवायची, नाहीतर बॅटरी उतरते, अशी त्याची ताकीद होती. मी ती कर्वेनगरला भाजी आणायला न्यायचे. त्या गाडीला पुण्यात आणण्याआधी कोणी पुणं दाखवलं नसावं. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ती स्टिअरिंग हलकेच मागे ओढायची. आमच्याकडे पट्टा ओलांडल्याशिवाय खड्डा चुकत नाही, हे तिला कोण सांगणार? रिक्षा आडवी आली की ती किंचाळायची आणि रिक्षा दर दहा पावलांवर आडवी यायची. एकदा तर एका आजोबांना बघून तिने स्वतःच ब्रेक मारला. आजोबा फूटपाथवर उभे होते. त्यांनी वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "अहो, रस्त्यावर आलो असतो तरी चाललं असतं, एवढं काय घाबरायचं?"

गाडी खरोखर चांगली होती, हे मात्र मला मान्य करावंच लागेल. खड्डे खालच्या खाली जिरायचे. काचा दुहेरी होत्या, त्यामुळे लावल्या की बाहेरचा हॉर्न पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारखा वाटे. लोक म्हणे या शांततेसाठी पैसे मोजतात. मला ती घरी आयती मिळत होती.

सुरुवातीला मुलाचा फोन रोज यायचा. मग रविवारी यायला लागला. मग रविवारी तो मित्रांबरोबर कुठल्या तरी डोंगरावर असायचा आणि फोनऐवजी मेसेजवर अंगठा यायचा. मी लिहिलं, आज कामवाली आली नाही, तर अंगठा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली, तरी अंगठाच. आता आपणच फोन करावा, असं कोणी म्हणेल. करायचे की. पण मी फोन केला की तो आधी "हां आई, काय झालं?" म्हणायचा आणि मग काहीतरी झालेलं असणं भाग पडायचं. मागे लोकांचे आवाज असत. माझं तोंड उघडलं की "कधी येतोस" एवढंच निघायचं, तो "बघू" म्हणायचा आणि संपलं. त्याने आपणहून केलेला फोन निराळा असतो. त्याची मी वाट बघायचे, अगदी आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दाराशी ठेवून. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या बोधचिन्हावर झेंडूचा भरघोस हार घातला. दोऱ्याने दोन्हीकडून गच्च बांधला, कारण पूजेनंतर गाडी एक फेरी मारून आणायची आमची रीत आहे. लिंबं फुटली, मी चौकापर्यंत गेले, आणि गाडीच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मी ती वाचेपर्यंत फोन वाजला.

"आई, गाडीच्या पुढे काय आलंय? रडार ब्लॉक झालंय म्हणून मला मेसेज आला."

"झेंडू," मी म्हटलं.

तो असा हसत सुटला, की मला गाडी कडेला घ्यावी लागली. त्या बोधचिन्हाच्या मागेच म्हणे गाडीचे डोळे असतात. मी पूजा करून तिचे डोळे बांधले होते. मग त्याने विचारलं, श्रीखंड आणलंस का, सोनं वाटायला कोणाकोणाकडे जाणार, समोरच्या काकूंशी तुझं भांडण मिटलं का. त्याला तिकडे सुट्टी नव्हती, जेवायला काल उरलेला भात होता. बराच वेळ बोलला. घरी आले तर श्रीखंड खावंसं वाटेना, इतकं पोट भरलं होतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मला काही झालं तर अंगठा येतो, गाडीला काही झालं तर फोन येतो.

पुढच्या आठवड्यात गाडीत मेथीचा वास राहिला होता म्हणून मी काच थोडी खाली ठेवून वर आले. चहाला आधण ठेवते न ठेवते तोच फोन. "आई, गाडीची काच उघडी आहे." तेव्हा खरंच विसरले होते. त्यानंतर मात्र विसरले नाही. दिवस बघून, त्याची दुपारची जेवणाची सुट्टी धरून, मी काच चार बोटं खाली ठेवायला लागले. फोन आला की, "अगं बाई, खरंच की!" म्हणायचे. काच बंद झाल्याचं मी सांगेपर्यंत तो फोन ठेवायचा नाही, म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने उतरायचे. गुडघे कुरकुर करायचे, पण जिन्याला वेळ जास्त लागतो. प्रत्येक मजल्यावर एकेक विषय व्हायचा. तिकडचा बर्फ, त्याचा वरिष्ठ, त्याने स्वतः केलेले आणि करपलेले पोहे. तळाशी पोचून मी काच वर करायचे आणि म्हणायचे, "झाली." तो म्हणायचा, "लक्ष ठेव गं जरा." रागावलेला असायचा. मला ते रागावणं आवडायचं, आपलं माणूस रागावल्यासारखं वाटायचं.

नोकरीत असताना पाणी आलं नाही म्हणून तक्रार करणाऱ्या माणसांना मी सरळ तोंडावर "होईल तेव्हा होईल" सांगायचे. तीच मी, साठी उलटल्यावर, काच उघडी ठेवून फोनकडे बघत बसायचे.

माझ्या वाढदिवसाला सकाळी मेसेज आला. त्यात केकचं चित्र होतं, हलणारी मेणबत्ती होती. फोन आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. काच उघडी ठेवायला त्या दिवशी मन होईना, वाढदिवसाला तरी भीक मागू नये असं वाटलं. म्हणून जेवून गाडी काढली आणि कात्रजच्या बोगद्यातून पार पलीकडे गेले. खेड शिवापूरच्या अलीकडे रस्ता मोकळा लागला. मुलाने दाखवलेलं ते बटण मी पहिल्यांदाच फिरवलं, ज्याने गाडीचा स्वभाव बदलतो असं तो म्हणत असे. गाडी जरा जमिनीजवळ दबली, स्टिअरिंग जड झालं, आणि मी पाय दाबला.

काय सांगू. आधी एक खोल हुंकार आला आणि मग कोणीतरी पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. ट्रक मागे गेले, ढाबे मागे गेले. काचेवरचे आकडे भराभर चढत होते आणि गाडी मात्र इतकी स्थिर, की पर्स शेजारच्या सीटवरून हललीसुद्धा नाही. मला भीती वाटली नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्यात जोर आहे असं वाटलं. मी मोठ्याने हसले, एकटीच. आणि आकडा शंभराच्या पुढे गेला तसा फोन वाजला. त्याने मला न सांगता वेगाची मर्यादा लावून ठेवली होती, ती ओलांडली की त्याच्या फोनला कळायचं.

त्या गाडीत आवाज सगळीकडून येतो. छतातून, दारांतून, डोक्याच्या मागून. "आई! अगं कुठे चाललीयस एवढ्या जोरात? यू ओके ना?" त्याचा आवाज गाडीभर झाला. लहानपणी तो मागच्या सीटवर उभा राहून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकायचा, तसा अगदी जवळून आला.

"काही नाही, गाडीची बॅटरी चार्ज करतेय," मी म्हटलं.

"आई, प्लीज. स्लो कर. मी इथे मीटिंग सोडून बाहेर आलोय."

मी वेग कमी केला. मग त्याला वाढदिवस आठवला, मग सकाळी फोन न केल्याबद्दल तो सॉरी म्हणाला, मग त्याने मला वचन द्यायला लावलं की परत असं करायचं नाही. मी दिलं. डाव्या कडेने बैलगाडीच्या चालीने परत येताना तो वारज्यापर्यंत फोनवर होता. उतरताना गाडी खाली बसली आणि मला उगाचच तिचे आभार मानावेसे वाटले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी पुन्हा काच खाली ठेवली. या खेपेला वर गेले नाही. फोन येईलच म्हणून तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात काच हलली. आत कोणी नाही, किल्ली माझ्या हातात, आणि काच सावकाश वर चढली, वरच्या रबरात जाऊन बसली. आवाजसुद्धा झाला नाही.

आमचे वॉचमन बाजूला पाण्याची मोटर चालू करायला आले होते. ते म्हणाले, "आवं काकू, काच आपसूक वर गेली की! लय भारी गाडी हाय."

"भारीच आहे," मी म्हटलं.

मी दार उघडून काच परत खाली केली. जरा वेळाने ती परत वर आली. आणखी एकदा खाली केली. आणखी एकदा वर आली. म्हणजे तो तिकडे होता, जागा होता, फोन त्याच्या हातात होता. त्याचं बोट आणि माझं बोट एकाच काचेवर होतं. फक्त बोलायची गरज राहिली नव्हती. मग मेसेज आला, की गाडीला नवीन सोय मिळाली आहे, आता काच तो तिथून बंद करू शकतो, तुला गुडघे दुखवत खाली जायला नको. शेवटी एक हसरा चेहरा. माझ्या गुडघ्यांची काळजी करून त्याने मला येणारा फोनच बंद केला होता. मी तिथेच गाडीत बसले आणि रडले. वॉचमननी मोटर बंद केली आणि मुकाट्याने निघून गेले, तेवढं बरं केलं.

डोळे पुसून मी त्याला फोन लावला.

"हां आई, गाडीला काही झालं का? काच सारखी वरखाली होतेय. स्विच खराब झालाय का?"

"स्विच चांगला आहे. मी करतेय ती वरखाली."

"का?"

"तू फोन करावास म्हणून."

मनातलं एवढं सरळ मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते. मग तो म्हणाला, "आई, मला तुझ्याशी बोलायचंच होतं. आपण गाडी विकून टाकू या का?"

मला एकदम सगळं कळलं. तरी विचारलं, "का रे? चांगली चाललीय की." मग त्याने सांगितलं. त्याची तिकडची नोकरी कायमची झाली होती, आता नव्हे, गेल्या उन्हाळ्यातच. घरही बघून ठेवलं होतं. "प्रत्येक फोनला तू विचारतेस कधी येतोस. काय सांगू तुला? म्हणून मग फोनच करायला नको वाटायचं." तो रडवेला झाला होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आधी वाटलं, एवढं ओझं घेऊन हा इतके महिने एकटाच बसला होता. राग नंतर आला, चांगला दोन दिवस टिकला.

"विकून टाक," मी म्हटलं.

गाडी धायरीच्या एका जोडप्याने घेतली. भली माणसं होती. त्यांच्यातल्या बाईंनी सीटवर बसून पाठ रगडून घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आता तुमची गरज नाही." न्यायला येण्याच्या आदल्या दिवशी गाडीतून आमची माहिती पुसायची होती. त्यासाठी आत कोणीतरी बसायला लागतं, ते तिकडून होत नाही. इतकं सगळं तिकडून होतं, हे तेवढं होत नाही.

दुपारी मुलाचा फोन आला. मी गाडीत बसले होते, फोन पर्समध्ये होता आणि त्याचा आवाज छतातून येत होता. सेटिंगमध्ये जा. उजवीकडे सरकव. आता खाली. त्यातलं पुढचं. मला पहिल्याच वेळी नीट कळलं होतं. पण मी मुद्दाम डावीकडे सरकवलं, रेडिओ लावला, मसाज चालू केला, गाडीतले दिवे जांभळे केले. तो न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. त्याला कळत होतं की नाही, ठाऊक नाही. कळत असावं, कारण एरवी तो इतका सोशिक नाही. दर वेळी नव्याने म्हणायचा, "बरं, परत सेटिंगमध्ये जा."

शेवटी तो प्रश्न पडद्यावर आलाच. सगळी माहिती पुसायची का? खाली दोन चौकोन.

"यस दाब," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, आई." जरा थांबून म्हणाला, "मी तुला आधी सांगायला हवं—"

मी दाबलं. पडदा काळा झाला, जांभळे दिवे गेले आणि त्याचा आवाजही अर्ध्यावर गेला. माझा फोन त्या गाडीला जोडलेला होता, तीही जोडणी पुसली गेली. गाडीत मी, आणि ती दुहेरी काचांची शांतता. मला वाटलं, गेला.

मग पर्समधून, चष्म्याच्या घराखालून, बारीकसा आवाज यायला लागला. "आई? आई, ऐकू येतंय का? अगं आई?" मी लगेच पर्स उघडली नाही. इतक्या हाका त्याने मला कित्येक महिन्यांत मारल्या नव्हत्या. आणखी दोनतीन मारू दिल्या. मग फोन काढून कानाला लावला.

"येतंय ऐकू," मी म्हटलं. "गाडीचं झालं. आता तुझं सांग."

त्याने फोन ठेवला नाही.